तुळजाबाईचं रक्त

महिपतीची लघवी कोऱ्या चहासारखी काळी झाली, तेव्हा कापडे गावातल्या त्या घरात सगळ्यांनी आधी साळूबाईकडे पाहिलं. आदल्याच आठवड्यात महिपतीशी, म्हणजे आपल्या दिराशी, तिचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "तुझं वाटोळं होईल!" असं ती अंगणात उभी राहून ओरडली होती. आणि घरातलं रांधणं तिच्याच हातात होतं.

"काय घातलंस गो माझ्या लेकाच्या ताटात?" सासू तुळजाबाईनं विचारलं.

"हिवतापाच्या गोळ्यांनी झालं असंल, आत्याबाय. कालपरवाच वाटल्यात त्या सरकारी माणसानं."

"गोळ्या आख्ख्या वाडीनं खाल्ल्या. वाडी मेली काय?"

साळूबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. हैबती खाली मान घालून पायातला काटा काढत बसला होता.

महिपतीचे डोळे पिवळे झाले, उभं राहवेना, तेव्हा त्याला महाडला नेलं. मुंबईहून शिकून आलेल्या डॉक्टर गंगाधरांनी गोळ्या बंद केल्या, बाटलीनं रक्त चढवलं. त्याच्या रक्ताचा नमुना मुंबईहून तपासून घेतला आणि मग सगळ्यांना बोलावलं.

"विषबिष काही नाही," ते म्हणाले. "रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळणारं एक प्रथिन असतं. ते याच्या अंगात नीट बनत नाही. म्हणून या गोळीनं पेशी फुटल्या. प्रथिन कसं बनवायचं ते ठरवणारं जनुक माणूस जन्मतःच घेऊन येतो. याचं जनुक सदोष आहे, आणि मुलाला ते आईकडून येतं."

तुळजाबाईचा चेहरा उतरला.

"आजी, तुमच्या माहेरी कुणाला असं झालं होतं?"

"नाय."

साळूबाईला राहवेना. "सहदेवमामा? मुंबईत तापाचं औषध घेतल्यावर काळी लघवी होऊन गेले ना ते? तुम्हीच रडत रडत सांगितलंवतं मला!"

"माझ्या मेलेल्या भावाला मधे आणतेस, सटवे?" तुळजाबाई तिच्या अंगावर धावून गेली. "मी माझ्या लेकाला इख पाजलं म्हणतेस?"

खाटेवरून महिपतीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "वहिनीला भायेर काढा," एवढंच तो म्हणाला. डॉक्टरांनी समजावून पाहिलं, "यात कुणाचाच दोष नाही, आजी." पण ऐकायला तुळजाबाई थांबलीच नाही. हैबती निघताना डॉक्टर त्याला म्हणाले, "आई एकच, तेव्हा तुमच्यातही ते जनुक असू शकतं. तुमचंही रक्त तपासू. तोवर ती गोळी घेऊ नका." हैबतीनं मान डोलावली. तपासायला मात्र तो कधी गेला नाही.

महिपती बरा होऊन आला. गावात गोष्ट फिरली ती मात्र तुळजाबाईच्या तोंडची: सुनेनं इख घातलं आणि वर डाक्तरालाही फितवलं.

भात झोडायच्या दिवसांत हिवतापाच्या गोळ्या वाटणारा माणूस पुन्हा आला. हैबतीनं गोळी हातात घेतली, तसा साळूबाईनं त्याचा हात झटकला. गोळी मातीत पडली.

"याला द्यायची नाय!"

"बघा!" तुळजाबाई खळ्यातून किंचाळली. "कशानं काय होतं ते हिला बरोबर ठावं हाय!"

खळ्यातले सगळे थांबून बघत राहिले. डॉक्टरांनी काय बजावलं होतं ते हैबतीला ठाऊक होतं. त्यानं गोळी उचलली नाही, आणि बायकोच्या बाजूनं एक शब्दही काढला नाही.

त्याच दुपारी साळूबाईनं पडवीच्या टोकाला तीन दगड मांडले आणि आपली चूल वेगळी पेटवली. आतून तुळजाबाईच्या शिव्या चालूच होत्या. जेवायच्या वेळी हैबती अंगणात येऊन उभा राहिला, एकदा घरात बघे, एकदा पडवीकडे.

साळूबाईनं भाकरी थापली, भाजली आणि एकटीच जेवायला बसली. तिनं त्याला हाक मारली नाही.