जोत्यावर पांघरलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे, आणि पहिल्यांदाच सांगून ठेवते, मी टोचते. मऊ गोष्ट ऐकायची असेल तर एखाद्या गोधडीकडे जा, ती सांगेल राजाराणीची. माझ्याकडे आहे ते बोचणारंच आहे, आणि सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म माणदेशातला. धुळा धनगरानं आपल्या काळ्या मेंढरांची लोकर कातरली, त्याच्या बायकोनं, हरणाबाईनं, ती कातली आणि गावच्या सणगरानं मला मागावर विणलं. चिंचोक्याची खळ पाजून उन्हात ताणलं तेव्हा मी पत्र्यासारखी ताठ झाले होते. धुळा मला खांद्यावर टाकून गावभर मिरवला. "थेंब आत शिरायचा न्हाई, गड्या!" असं म्हणायचा, आणि खरंच शिरत नव्हता. पावसात मी त्याच्या डोक्यावरची खोळ, उन्हात बसकण, रात्री अंथरूण आणि पांघरूणही. एकदा शेकोटीची ठिणगी उडून मला भोक पडलं. हरणाबाईनं ते पांढऱ्या लोकरीनं भरलं. तेव्हापासून शंभर घोंगड्यांत मी ओळखू येऊ लागले. हे ओळखू येणंच पुढे अंगाशी आलं.

माणात चारा संपला की धुळा मेंढरं घेऊन कराडकडे उतरायचा. तिकडचे बागायतदार त्याला हात धरून बोलवायचे, कारण मेंढरं वावरात बसली की लेंडीखतानं जमिनीचं सोनं होतं. चव्वेचाळीस सालच्या पौषात मलकापूरजवळच्या एका गावात, नानासो नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात आमचा मुक्काम होता. नानासोचा मुलगा कृष्णात लढाईवर गेलेला. घरात सून राहीबाई आणि तिचा पाच वर्षांचा जोतीराम. हा जोत्या रोज सकाळी उठला की कोकरांकडे पळत यायचा. माझ्यावर लोळायचा आणि "टोचतीया, टोचतीया" म्हणून खिदळायचा. उठायचा मात्र नाही!

एका सकाळी धुळानं मुक्काम हलवला. हरणाबाई बिऱ्हाड घेऊन पुढे गेली होती आणि धुळा मेंढरांमागून ओढ्याच्या कडेनं निघाला होता. उसाच्या बांधाशी जोत्या पडलेला दिसला. अंगात जीव नव्हता. कमरेचा चांदीचा करदोडा कुणीतरी तोडून नेला होता. धुळानं त्याच्या नाकाशी हात धरून पाहिला. मग त्यानं मला अंगावरून काढलं, पोराला निजवल्यासारखं पांघरलं, त्याचे पाय नीट आत घेतले आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून माझ्या कडांवर दगड ठेवले. इकडेतिकडे पाहिलं आणि मेंढरं हाकत निघून गेला.

चुकलं ते इथंच. त्यानं हाळी दिली नाही, ओरडून कुणाला बोलावलं नाही. परगावचा धनगर, पुढ्यात मेलेलं पोर, तो भ्याला. घोंगडी दिसली की कुणीतरी येईलच, अशी मनाची समजूत घालत तो गेला. दुपार कलली तरी कुणी आलं नाही. राहीबाईला वाटत होतं, पोरगं कोकरांत रमलं असेल. तोवर ज्यानं ते पाप केलं होतं तो लांब पळाला असेल, नाहीतर खुशाल घरी जाऊन जेवलाही असेल. मला त्याचं तोंड ठाऊक नाही. मी पोरावर आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

संध्याकाळी राहीबाई शोधत आली तेव्हा पोर सापडलं. माझ्यावरचा पांढरा ठिपका गावानं ओळखला आणि पोलिसांनी धुळाला पुढच्या मुक्कामावर पकडलं. मला गाठोड्यात बांधून साताऱ्याला नेलं. तिथं मुद्देमालाच्या खोलीत कुऱ्हाडी, काठ्या आणि कोयत्यांच्या शेजारी मला टाकून दिलं. तुम्ही लोक कुठलंही काम रखडलं की त्याला भिजत घोंगडं म्हणता ना? मी मात्र तिथं कोरडीच कुजत होते. कसर लागली. कुणी झटकायला येईना. ज्या अंगाखाली माणूस हवा, त्याच्याखाली फरशी! नुसती तगमग व्हायची.

खटला सुरू झाला तेव्हा सर्व्हिस मोटारी भरभरून माणसं आली. वर्तमानपत्रांत धुळाचं नाव, चहाच्या दुकानांत धुळाचं नाव. कुणी म्हणे त्यानं पोराला माझ्यातच गुंडाळून मारलं, कुणी म्हणे मेंढरांसाठी बळी दिला. उचलली जीभ लावली टाळ्याला! मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण घोंगडीला वाचा कुठली? धुळाला फाशी होणार, असं सगळे धरूनच चालले होते.

सरकारी वकिलांनी मला दोन बोटांनी उचललं. "पौषाच्या थंडीत धनगर आपली घोंगडी टाकून जाईल? हा घाबरून पळाला."

"मढ्यावर घातल्यालं माघारी घेत न्हाईत, साहेब," धुळा म्हणाला. मागं कुणीतरी हसलं.

मग राहीबाई साक्षीला उभी राहिली. येताना ती धुळाकडे बघून थुंकली होती. तिलाही तोच खुनी वाटत होता.

"हीच घोंगडी का?"

"व्हय. हीच."

"मुलगा कसा गुंडाळला होता?"

"गुंडाळला न्हवता. पांगरून निजवला हुता. पाय आत घेतल्यालं. कडंला दगूड हुतं..." बोलता बोलता ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

"विचारलं तेवढंच सांगा, बाई."

"आवं, तेवढंच सांगत्ये! जोत्या झोपंत पांगरून लाथाडायचा. मी बी रोज असंच पाय आत घ्यायची. जीव घेणारा त्येचं पाय कशाला झाकंल, साहेब?"

"सूनबाई, काय बोलतीयास!" नानासो मागून ओरडला. न्यायाधीशांनी त्याला गप्प बसवलं आणि तिला पुढे बोलू दिलं.

धुळा सुटला. बाहेर शिपायानं मला त्याच्यापुढे धरलं. त्यानं हात मागे घेतला. "ती आता पोराची हाय." तेव्हा राहीबाईनं मला घेतलं. घरी नानासो म्हणाला, "जाळून टाक ती ब्याद." राहीबाई म्हणाली, "माज्या लेकरावरचं शेवटचं पांगरून हाय ते, मामंजी. हात लावायचा न्हाई." मी तिच्या छातीशी होते. इतकं रडू माझ्यात कधीच मुरलं नव्हतं.

पण सुटला म्हणून काय झालं? "संशयाचा फायदा मिळून सुटला," गाव म्हणे. पुढच्या हिवाळ्यात धुळाची मेंढरं उतरली, तर कुणी वावरात घेईना. त्याला बघितलं की बाया पोरांना आत ओढायच्या. एकानं तर कुत्रं सोडलं. हरणाबाईची कोकरं रस्त्यावरच मरायला लागली. हे कानावर आलं तशी राहीबाई मला खांद्यावर टाकून बांधावर गेली.

"धुळा, थांब. त्या दिशी हाळी का दिली न्हाईस?"

"भ्यालो, वैनी."

"तू भ्यालास आन् माज्या जोत्याला मारणारा मोकळा ऱ्हायला. ह्ये मी तुला माफ करायची न्हाई." तिनं मला खांद्यावर सावरलं. "पर तू त्येला मारलं न्हाईस. ह्ये बी मी मरूस्तवर सांगंन. घाल मेंढरं आमच्या वावरात."

नानासो बांधाच्या पलीकडे उभा होता. त्यानं हो म्हटलं नाही, पण अडवलंही नाही. हरणाबाई तिथंच रस्त्यात बसून ढसाढसा रडली.

त्यानंतर धुळा दरसाल त्याच वावरात येतो. बाकी गाव अजून त्याला दारात उभं करत नाही. खुनी सापडला नाही आणि करदोडाही नाही. बाजारात कुणाच्या पोराच्या कमरेला चांदी चमकली की राहीबाईचे पाय थबकतात.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला कसर खाते आहे, खाऊ दे. माझं मागणं वेगळंच आहे. मी जन्मभर झाकायचंच काम केलं, तरी मीच सांगते, वाईट घडलेलं दिसलं तर झाकून पुढे जाऊ नका. भीती वाटेल, वाटू दे. थरथरत का होईना, हाळी द्या. त्या सकाळी एक हाळी पडली असती, तर आज राहीबाई दारावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे 'ह्यो तर नसंल?' म्हणून बघत बसली नसती.