देवीलाल महाराजांची लाल हळद

दिग्रसच्या अलीकडे रस्त्यालगत देवीलाल महाराजांचा मठ. अमावास्येला तिथे ट्रॅक्टर भरभरून माणसे यायची. बाधा झालेल्या बाईच्या तळव्यावर महाराज हळद चोळत, वर तांब्यातले नितळ तीर्थ सोडत, आणि पाहता पाहता पिवळा हात रक्तासारखा लाल होई. शेजारी निखाऱ्यात उलथने तापत असे. लाल हाताच्या बाईला त्याने डागले की बाधा पळते, अशी महाराजांची हमी.

त्या दिवशी पुढे बसली होती पायल. लग्नाला वर्षही झाले नव्हते. नवऱ्याने, गोपाळने, खांद्यावर नुसता हात ठेवला तरी ती भिंतीला टेकून थरथरायची.

"हिच्यावर वरच्या नवऱ्याचा कब्जा हाय," महाराज माईकवरून म्हणाले. "तो खालच्याले जवळ येऊ देत नाही."

गर्दी हसली. गोपाळने मान खाली घातली. पायलची सासू तानाबाई मात्र निखाऱ्यांकडे पाहत होती. याच मठात देवीलालच्या बापाने तिच्या थोरल्या बहिणीला, इंदूला, असेच डागले होते. जखम चिघळली आणि इंदू गेली. 'बाधा फार जुनी होती,' एवढे बोलून म्हातारा जेवायला बसला. त्याच्या भातावरचे तूप तानाबाई अजून विसरली नव्हती.

पायलला ती पुसदला मानसशास्त्रज्ञ प्रेरणाबाईंकडे नेत होती. बाईंनी गोपाळला सांगितले होते, "घाई करू नका. खाटा वेगळ्या ठेवा. हात धरायचा की नाही, हे पायल ठरवील. ती नको म्हणाली की तिथंच थांबा. तिच्या शरीराला जुनी भीती आजचीच वाटते. नको म्हटल्यावर माणूस खरंच थांबतो, हे त्या शरीराला पुन्हा पुन्हा कळू द्या."

"पण झालं काय होतं तिले?" तानाबाईने विचारले.

"ते तिचं आहे. वाटेल तेव्हा ती बोलेल."

गुण येत होता. परवाच पायल आपणहून गोपाळशेजारी तुरीच्या शेंगा सोलायला बसली होती. पण तिला वाढवणारा मामा, इंद्रजीत, ऐकेना. "बोलून बाधा उतरते काय? त्या बाईकडं कायले नेता?" म्हणत त्यानेच घरच्या पुरुषांना इथे यायला भरीस घातले. तानाबाईने वाद घातला नाही. मागच्या अमावास्येला ती गर्दीत बसून नुसता तांब्या पाहून गेली होती.

महाराजांनी पायलच्या तळव्यावर हळद चोळली. तांब्या उचलला.

"आधी तुमचा हात दाखवा, महाराज," तानाबाई म्हणाली.

"काहून?"

"पोरगी भेली हाय. तुमचा हात पिवळाच राह्यला की तिले धीर येईन."

"दाखवा ना बाप्पा," गर्दीतून कुणी म्हणाले.

"सिद्ध पुरुषाची परीक्षा घेत नसतात," महाराज बोलेपर्यंत तानाबाईने त्यांचे मनगट धरून हळद फासलीही होती. तांब्या उपडा केला. तळवा लालभडक झाला.

"घ्या," मागून एक म्हातारा बोलला, "महाराजालेबी वरचा नवरा हाय."

हशा उसळला. तानाबाईने निखाऱ्यातून उलथने उचलले. "आता तुमची बाधा उतरवते. इंदू आठवते ना? तवा निखारे तुम्हीच फुंकले होते."

लोखंड बोटभर अंतरावर आले.

"चुना हाय," महाराज किंचाळले. "तांब्यात चुन्याची निवळी हाय."

"माईकवर सांगा."

त्यांनी सांगितले. तानाबाईने पुन्हा सांगायला लावले. हळद आणि चुना मिसळून तिच्या माहेरी घरीच कुंकू करत. चुन्याचे निवळलेले पाणी साध्या पाण्यासारखेच दिसते, पण हळदीला लागले की हळद लाल होते. तिने हापशीचे पाणी आणवून पायलच्या तळव्यावर ओतले. हात पिवळाच राहिला.

पायल उठली. "माझ्या अंगात कोणी नाही. मी चौथीत होती तवा या मामानं..."

पुढचे बोलायची गरज पडली नाही.

"पाहा, भूतच बोलून राह्यलं," इंद्रजीत म्हणाला. या वेळी कुणी हसले नाही. गोपाळ वाट अडवून उभा राहिला.

गर्दीतल्या कुणी फोन केला होता; पोलिसांची गाडी आली तेव्हा तानाबाईने माईक घेतला. महाराज आणि इंद्रजीत, दोघांना गाडीत चढताना ती डोळे भरून पाहत होती.

"बाधा म्हटलं की भुताले डागतात अन् माणूस मोकळा सुटते," ती बायांना म्हणाली. "या मामानं तर तिचं कन्यादानबी केलं. पोरगी भेत असंन त भूत शोधू नका. ती कोणाले भेते, हे सांगंन तवा ऐकून घ्या, अन् खरं माना."