चिप गेली, कड राहिली

हसा खुशाल, पण मी बँकेचं कार्ड असूनही माझ्या अंगाला नोटांचा वास कधी लागला नाही. मला वास आहे तो खडूचा आणि गरम इस्त्रीचा.

कुठल्याशा यंत्राने माझ्यावर नाव उठवलं, पाकिटात कोंबलं आणि मी जाऊन पडलो ताईच्या हातात. ताई कपडे दुरुस्त करून द्यायची. पँट आखूड, बाह्या सैल, असली कामं. तिने मला उलटंसुलटं पाहिलं, एक डोळा बारीक केला आणि ओरडली, "अगं बाई, अगदी दुमडीएवढी रुंदी!"

झालं. त्या दिवसापासून मी माप. माझी लांब कड कापडावर टेकवायची आणि सर्रकन खडूची रेघ! पैसे काढायच्या यंत्रात घातलं की खडूमुळे ते मला परत थुंकायचं. ताई मला बाहीला पुसायची आणि यंत्रालाच दम भरायची.

धाकट्या हा तिचा भाऊ. सायकली दुरुस्त करतो. दम धरणं त्याला जन्मात जमलेलं नाही. तापाचं निमित्त होऊन ताई अचानक गेली आणि मी त्याच्या खिशात आलो. तिच्या पैशाला त्याने हात लावला नाही. त्याला हवा होता तिचा फोन. त्या फोनचं बिल माझ्या खात्यातून आपोआप जायचं, आणि फोन कोणी उचलला नाही की ताईने त्यात भरून ठेवलेला निरोप तिच्याच आवाजात लागायचा. तेवढ्यासाठी तो दिवसभर फोन लावायचा.

माझी मुदत संपत आली तसा तो घाबरला आणि मला घेऊन धावत बँकेत गेला.

"नवं कार्ड द्या."

काउंटरवरच्या बाईंनी नाव वाचलं. "ज्यांचं आहे त्यांना पाठवा."

"ती गेली. म्हणून तर मी आलो!"

बाईंचे हात हवेतच थांबले. "वाईट वाटलं ऐकून. पण खातेदार गेल्याचं कळलं की नियमाने खातं गोठवावं लागतं. आत जमा होईल, बाहेर काही जाणार नाही. वारसाने कागद आणले की शिल्लक त्याला मिळते."

"मग तुम्हाला कळलंच नाही असं समजा!"

"कळलंय ना पण."

मागे रांगेत एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "मला बाई काही ऐकू आलं नाही. तुम्ही पण मिनिटभर बहिऱ्या व्हा की!"

"आजी, तुम्ही रांगेत राहा."

एक कळ खटकन दाबली गेली आणि मी गारठलो.

धाकट्याचा चेहरा पडला. "पैसे नकोत हो मला. फोन बंद पडेल. त्यात ताईचा आवाज आहे."

"मग रेकॉर्ड करून ठेव की रे," आजी म्हणाल्या.

"रेकॉर्ड लावलं की ती गेलेली वाटते, आजी. फोन लावला की नुसती कामात आहे असं वाटतं."

बाई काउंटरवरून पुढे वाकल्या. "अहो, गोठलंय ते खातं, फोन नाही! बिल कोणीही भरू शकतं. समोरच्या दुकानात जा, रोख भरा."

"कोणीही? म्हणजे मीसुद्धा?"

"तुम्हीसुद्धा. या आजीसुद्धा."

"मी कशाला?" आजी दचकल्या.

धाकट्याने खडूसकट माझे मुके घेतले! ओठ पांढरेफटक. मग तिथेच आवाज मोठा करून त्याने फोन लावला आणि ताई साऱ्या बँकेत बोलली, "तोंडात टाचण्या आहेत, नंतर बोलते. आणि धाकट्या, तू असशील तर आधी जेव, मग फोन कर!"

रांग खदखदून हसली.

बाईंनी नाक पुसलं. "जेवलात का?"

"नाही."

"मग ऐका की बहिणीचं."

नियमाने मला कापायचं होतं. बाईंनी कात्री उचलली तसा धाकट्या किंचाळला, "लांब कड राहू द्या!" त्यांनी चिप तेवढी काढली आणि मागच्या काळ्या पट्टीला एक छेद दिला. खरं सांगतो, गुदगुल्या झाल्या.

आता मला कुठलंच यंत्र ओळखत नाही. ताईकडे राहून गेलेल्या पँटी धाकट्या माझ्या कडेने रेघ ओढून दुमडतो. हात सायकलींचा, त्यामुळे एक पाय वर, एक खाली. तुमची पँट तशी आली तर हसा त्याला पोटभर. फक्त हसण्याआधी एवढं विचारा, जेवलास का रे?