कुलूप लागलेली सागाची पेटी

मी एक जुनी सागाची पेटी आहे. मित्रांनो, माझं लाकूड आलापल्लीच्या रानातलं, पण मला घडवलं एका तुरुंगाच्या सुतारशाळेत, मुखरू नावाच्या कैद्यानं. तो चामोर्शीकडचा धानाचा शेतकरी. रंधा फिरवता फिरवता माझ्याशीच बोलायचा, "घरी आशा वाट पाहून राह्यली. अजून धानाचे दोन रोवणे, दोन पावसाळे गेले का मी सुटलोच."

दवाखान्यातल्या नाहीदबाईंनी मला न्हाणीघराजवळ टांगलं आणि माझ्यात निरोधाची पाकिटं ठेवली. तुरुंगातही माणूस माणसाजवळ जातो, कधी मनानं, कधी बळजबरीनं. त्यातून रोग पसरतात, हे त्यांना ठाऊक होतं. गुपचूप हात यायचे, मी हलकी व्हायची. बाई म्हणायच्या, "पेटी रिकामी झाली, म्हणजे कोणी तरी वाचलं."

मग नवे साहेब आले. "आपल्या जेलात असलं काही होतच नाही!" त्यांनी मला फाटकालगतच्या दवाखान्यात भिंतीवर टांगलं, कुलूप ठोकलं. किल्ली हवालदाराकडे, हवी त्यानं नाव सांगून मागावी. मित्रांनो, एकानंही मागितली नाही.

तिथली रीत अशी, की दुखणं रांगेतच मोठ्यानं सांगायचं. एकदा मुखरू आला, पाय आखडत.

"काय होऊन राह्यलं बे तुले?" हवालदारानं विचारलं.

"पोट दुखते."

रांग हसली, "सासरचं जेवण पचत नाई वाटते जावयाले!"

नाहीदबाई हळूच म्हणाल्या, "मुखरूभाऊ, खरंच पोटच का?"

त्यानं हवालदाराकडे पाहिलं. "पोटच, बाई."

पोटाच्या गोळ्या घेऊन तो गेला. गुप्तांगावरची लपवलेली जखम आपोआप सुकली. त्याला वाटलं, रोग गेला. सुटला, घरी गेला.

वर्षभरानं तो बायकोला, आशाबाईला घेऊन नाहीदबाईंना शोधत आला. आशाबाईचं बाळ पोटातच गेलं होतं. तालुक्याला रक्त तपासलं, तर दोघांनाही गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा रोग.

"सुया घेतल्या तं बरे होऊ म्हणते डॉक्टर," मुखरू पुटपुटला.

आशाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "चार लोकायसमोर लाज वाटली, समजलं. पण मले काऊन नाई सांगितलं? मी का त्या रांगेत उभी होती?"

नाहीदबाईंनी तिचा हात धरला. मुखरू माझ्याखाली भिंतीला टेकून बसला.

मित्रांनो, जे माणसाला वाचवतं, ते कुलपात ठेवू नका. आणि कुणी दुखणं सांगायला आलं, तर आधी भोवतीची गर्दी दूर करा. मग विचारा. तो गप्प राहिला, तर जरा थांबा.