आतलं काम

मास्तरांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं आणि चाळीस वर्षं दोरा दातानेच तोडला. कात्री हाताशीच असायची, पण हातापेक्षा दात जवळ, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या दाताला आधी खाच पडली, मग चीर गेली आणि एका कोटाला बटणं लावताना अर्धा दातच दोऱ्याबरोबर बाहेर आला.

दातांची डॉक्टरीण वयाने लहान आणि बोलायला गोड. मास्तरांचा दोन्ही गोष्टींवर भरवसा नव्हता. मुळाचं काम तिने दोन खेपांत उरकलं आणि तिसऱ्या खेपेला पुढचा खर्च कागदावर लिहून दिला. कॅपचा आकडा मास्तरांनी कसाबसा गिळला. पण त्याच्या वर आणखी एक आकडा होता.

"हे कसले?"

"बांधणीचे. काका, दात उरलाय एवढासा. आधी तो भरून उभा करायचा, मग त्यावर कॅप."

"ते कॅपमध्येच आलं की! वरून झाकलंच जाणार. आत बघायला कोण येतंय?"

"खाली काही नसेल तर कॅप धरेल कशाला? चार महिन्यांत हातात येईल."

बांधणीपायी अख्ख्या कोटाची शिलाई जात होती. "मग उपटूनच टाका," मास्तर म्हणाले.

बायको शेजारी स्टुलावर बसली होती. चारचौघांत ती सहसा मध्ये बोलत नसे.

"अहो, गिऱ्हाईक कोटाच्या कॅनव्हासचे पैसे द्यायला कुरकुरलं की तुम्ही काय सांगता?"

कोट उभा राहतो तो आतल्या कापडावर, हे मास्तर दुकानात दिवसातून दोनदा तरी ऐकवत.

"उपटायचा नाही, बांधा," ती डॉक्टरणीला म्हणाली. "माझी दाढ अशीच होती. तेव्हाच्या डॉक्टरांनीही बांधायचंच म्हटलं होतं. हे म्हणाले, आतली दाढ, दिसते कुणाला? काढून टाक. टाकली."

आवाजात ना राग ना रडगाणं. भाजीचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं.

त्या वर्षी मास्तरांनी काजं करायचं मशीन घेतलं होतं. तेव्हापासून ती डाव्या बाजूनेच चावते. रोज समोर जेवायला बसून ते हे बघत होते आणि तिची खोड समजत होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"माझा बांधा," ते म्हणाले, "आणि हिच्या दाढेचंही बघा. कितीही लागू देत."

'कितीही' हा शब्द त्यांच्या तोंडून बायकोने पहिल्यांदाच ऐकला. ती मुकाट खुर्चीवर जाऊन बसली. डॉक्टरणीने आरसा आत घालून बराच वेळ पाहिलं.

"दाढ काढून किती वर्षं झाली, काकू?"

"अकरा."

"शेजारच्या दाढा कलल्यात त्या जागेत. आता तिथे दाढ बसवायला जागाच उरली नाही."

मास्तरांनी पुन्हा विचारलं, पैसे जास्त दिले तर? डॉक्टरणीने मान हलवली.

"राहू द्या हो, मला सवय झालीय," असं म्हणत बायको खुर्चीवरून उतरली. "बसा, तुमचं होऊन जाऊ दे."