मामाजींचं प्राचीन टेकाड

आमच्या घरामागे एक टेकाड आहे. त्यावर शेळ्या चरतात, पोरं पतंग उडवतात आणि अडलेल्या माणसाला त्याचा आडोसाही होतो. माझे सासरे महादेवराव, म्हणजे आमचे मामाजी, यांच्या मते मात्र ते प्राचीन नगर आहे. मी लग्न होऊन देऊळगाव राजाला आले, तेव्हा ते दीड हजार वर्षांचं होतं. पुढे दर नव्या पाहुण्याच्या चहाबरोबर त्याचं वय वाढत गेलं. मामाजींनी तिथे पाटीही लावली: ‘प्राचीन वसाहत. घाण करू नये.’ त्यानंतर लोक पाटीच्या आडोशाला बसू लागले.

या टेकाडापायी मला न्हाणीघर वाढवता आलं नाही. मागे हातभर सरकायचं म्हटलं तरी म्हणे कुणा राजाच्या दरबारात पाय पडेल. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. पण मामाजींनी स्वतः यापेक्षा मोठं नुकसान करून घेतलं होतं. त्यांनी शंकरराव गमावले.

शंकरराव समोरच्या घरातले, भाजीपाल्याचे व्यापारी. दोघंही मूळचे उंद्रीचे, एका वर्गातले, आणि ठरवून एकाच गल्लीत घरं घेतलेले. तेव्हा शंकररावांचं घर मातीच्या धाब्याचं होतं. जुन्या वस्तीच्या जागेला आमच्याकडे पांढरी म्हणतात. तिथली पांढरट माती धाब्यावर पसरली की छत गळत नाही, म्हणून पावसाळ्याआधी जो तो चार टोपली उचलून नेतो. शंकररावांनीही नेली. मामाजी तेव्हा सरकारी कारकून. त्यांनी आपल्या बालमित्राविरुद्ध वारशाच्या चोरीची लेखी तक्रार ठोकली. शंकररावांनी माती मुकाट्याने परत आणून टाकली, आणि त्या पावसाळ्यात त्यांचं घर इतकं गळलं की घरच्यांवर आजारी पडायची पाळी आली. तेव्हापासून बोलणं बंद. सासूबाई गेल्या तेव्हा शंकररावांनी येऊन खांदा दिला, पण शब्द दिला नाही. मामाजी तर समोरच्या घराकडे मान वळवायचेच नाहीत, जणू तिथे मोकळा प्लॉट आहे.

मामाजींनी अनेक वर्षं विनवण्या केल्या, तेव्हा कुठे यंदा श्रद्धा नावाची एक संशोधक मुलगी टेकाडात खड्डा घ्यायला आली. सुरुवातीलाच रंगीत खापरं निघाली, मणी निघाले, मातीचा एक बैल निघाला. मामाजी हवेत. पुराणवस्तू छपरावर नेऊन टाकणाऱ्या अडाण्यांविषयी ते समोरच्या ओट्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलू लागले. मीही मनात म्हटलं, न्हाणीघर गेलं, निदान नगर तरी पदरात पडलं.

मग खड्ड्याच्या अगदी तळाशी, त्या सगळ्या प्राचीन ऐवजाच्या खाली, वनस्पती तुपाचा पत्र्याचा डबा निघाला. शेजारी रबरी चपलेचा एक पाय.

श्रद्धाने जमेल तितकं हळुवार सांगितलं. खापरं खरी आहेत, जुनी आहेत, पण ती इथली नाहीत. पलीकडे पाण्याची टाकी आहे ना, खरी पांढरी तिथे होती. टाकीचा पाया खणला तेव्हा निघालेली माती इथे आणून ओतली. मामाजींनी या गल्लीत घर घेतलं त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट.

“म्हंजे मी जलमभर मलबा राखून राह्यलो?” मामाजींनी विचारलं.

खापरं संग्रहालयात ठेवू, असं ती म्हणाली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. या दिवसाची मी किती वाट पाहिली होती. पोटभर हसायचं ठरवलं होतं. हसू काही आलं नाही, उलट त्यांची फार दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींनी टेकाडावरची टोपलीभर माती घेतली, डोक्यावर ठेवली आणि रस्ता ओलांडला. या वयात पडतील म्हणून मी मागोमाग गेले. शंकरराव ओट्यावर मेथी निवडत बसले होते. त्यांची बायको गोजरबाई दारात येऊन उभी राहिली.

मामाजींनी टोपली खाली ठेवली. “शंकर, ही तुही माती. धाब्यावर टाक.”

शंकररावांनी टोपलीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. आम्हीही पाहिलं. वर सिमेंटचा पक्का स्लॅब होता, त्यावर पाण्याची काळी टाकी आणि डिशची छत्री.

“पोराच्या लग्नाआधी स्लॅब टाकला बे, महाद्या,” शंकरराव म्हणाले. “त्या पोराचं पोरगं आता कॉलेजात जाते. तुले दिसला नाही?”

“मी इकडे पाह्यलंच नाही,” मामाजी म्हणाले.

शंकररावांनी मेथीची एक जुडी मामाजींपुढे सरकवली.

“बस. निवडू लाग.”