निन्फाच्या ट्रकचा ठसका

माझी थोरली बहीण निन्फा ट्रक चालवते. पुनाताच्या खोऱ्यात कांदा भरायचा, डोंगर चढून ओरुरोच्या बाजारात उतरवायचा आणि मिळेल तो माल घेऊन परत यायचं. मी, दोरा, तिच्या शेजारी बसते. पोत्यांवर नजर ठेवणं, व्यापाऱ्यांशी भांडणं आणि थकवा येऊ नये म्हणून ती गालात कोकाची पानं धरते, त्यांचा चोथा झाला की नवी काढून देणं, ही माझी कामं.

आमच्या ट्रकला बाजारात सगळे ‘खेचर’ म्हणतात, कारण तो धड कुठल्याच जातीचा नाही. सांगाडा एका जुन्या जपानी ट्रकचा, इंजिन मोडीत निघालेल्या बसचं, त्यावर मागाहून बसवलेला, इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो, आणि लांबच्या पल्ल्यासाठी कडेला जोडलेली डिझेलची मोठी टाकी. हा सगळा संसार जुळवला माझ्या दाजींनी, निन्फाच्या नवऱ्यानं. त्यांचं नाव सेवेरो. लग्नानंतर दुसऱ्या बायका नवऱ्याकडे घर मागतात, ताईनं ट्रक मागितला होता. दाजींनी तो तिच्या उंचीला बेतून बांधला. क्लचचं पेडलसुद्धा चार बोटं पुढे आणलं, म्हणजे तिचा पाय पोचेल.

दाजी मेकॅनिक होते. गाडी फाटकातून आत यायच्या आधी तिचं दुखणं सांगायचे. मग त्यांचे कान जायला लागले. आधी पाखरं गेली, मग दारावरची थाप, मग माणसांचं बोलणं. एकदा त्यांनी एका ओळखीच्या माणसाचं इंजिन खोलून पुन्हा बांधलं आणि खुशाल त्याच्या ताब्यात दिलं. आत एक व्हॉल्व्ह टकटक वाजत होता. अंगणातल्या सगळ्यांना ऐकू येत होता, फक्त दाजींना नाही. तो माणूस हसला. वाईट हसला नाही, पण हसला. दुसऱ्या दिवशी दाजींनी शेडला कुलूप घातलं आणि परसात ससे पाळायला घेतले. कानाला मशीन लावा म्हटलं की हात झटकायचे. कुणी गाडी दाखवायला आलं तर म्हणायचे, “सशाला काही झालं असेल तर सांग.”

अशात खेचराला ठसका लागला.

सपाटीवर काही नाही. रिकामा असला तरी काही नाही. पण कांदा भरून घाट चढायला लागलो आणि ताईनं पाय दाबला की इंजिन आचके द्यायचं. दम सोडायचं, परत उचलायचं, परत सोडायचं. पाय काढला की शहाण्यासारखं चालायचं.

“दाजींना सांगायचं का?” मी विचारलं.

“खबरदार,” ताई म्हणाली. “त्याला आवाज ऐकू येणार नाही, आणि येत नाही हे मला कळलेलं त्याला दिसेल. सशांबरोबर बरा आहे तो.”

मग आम्ही चोरून ट्रक बाजारातल्या रेमी मेकॅनिककडे नेला. रेमीनं डिझेलचे फिल्टर बदलले, नोझल साफ केले, आणि पुढच्याच खेपेला खेचरानं त्याच वळणांवर तेच आचके दिले. ताईनं पुन्हा रेमीला गाठलं. घरी सांगितलं, बाजारात उशीर झाला.

त्या रविवारी दाजी अंगणात ट्रक धूत होते. धुता धुता त्यांचा हात फिल्टरपाशी थांबला. त्यांनी नटवर बोट फिरवलं.

“निन्फा, ह्या नटाचे कोपरे कुणी खाल्ले?”

ताई कपडे वाळत घालत होती. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घरात ही सवय आता तिलाही लागली होती.

“मी बहिरा आहे, तू नाहीस,” दाजी म्हणाले. “मी असा पाना लावत नाही. हा रेमीचा हात आहे. काय झालंय गाडीला?”

ताईनं ओला ब्लाउज तसाच दोरीवर टाकला आणि त्यांच्या समोर येऊन उभी राहिली, ओठ दिसावेत अशी. “चढावर मिसिंग करते. लोड असला की.”

“कधीपासून?”

“बरेच दिवस.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“मग आता काय लाडू वाटायचे?” एवढं बोलून ते सशांकडे गेले. जेवायलाही उशिरा आले. ताटातलं ढवळत ताईकडे न बघता म्हणाले, “उद्या मी येतो. कांदा भरून घ्या. पूर्ण भरा.”

पहाटे निघालो तेव्हा दाजी आमच्या दोघींच्या मध्ये बसले. आमच्या ट्रकमध्ये इंजिन दोन सीटच्या मध्येच, झाकणाखाली; झाकणाच्या मागच्या कडेवर एक माणूस मावतो. त्यावरची घोंगडी काढून त्यांनी उजवा तळवा झाकणावर ठेवला आणि डोळे मिटले. ताईला रस्त्यावरून नजर काढता येईना, मग ओठ कसे दाखवणार? दाजींनीच युक्ती काढली. “पाय दाबशील तेव्हा माझा गुडघा दाब. सोडशील तेव्हा सोड.”

“भर रस्त्यात?” ताई म्हणाली. मी ते त्यांच्याकडे तोंड करून पोचवलं, तसे ते गालातल्या गालात हसले. कितीतरी दिवसांनी.

घाट लागला. ताईचा हात गिअरवरून त्यांच्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून गिअरवर जात होता. पहिला आचका आला तसे दाजींचे डोळे उघडले.

“दोरा, आरशात बघ. धूर कसला आहे?”

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काळा नाही. पांढराही नाही. जवळजवळ नाहीच!” मी दंडाला धरून त्यांना माझ्याकडे वळवलं आणि पुन्हा सांगितलं.

“नाहीच? मग टर्बोला मी रात्रभर मनात उगाच शिव्या घालत होतो. हवा कमी पडली असती तर काळा धूर ओकला असता. ह्याला डिझेल पोचत नाहीये. उपाशी आहे बिचारा. चढावर जास्त मागतो, आणि ताटात नेमकं तेव्हाच काही नाही.”

पुढच्या रुंद जागी गाडी लावली. दाजींनी घरून भरून आणलेला डिझेलचा कॅन सीटमागे बांधला. टाकीकडून येणारा पाइप इंजिनाला डिझेल ओढून देणाऱ्या पंपापासून काढला आणि कॅनमधून दुसरा पाइप थेट पंपाला जोडला. “आता ओढ. वर त्या पांढऱ्या क्रूसापर्यंत.”

ताईनं ट्रक काढला. वळण आलं, पाय दाबला, गुडघा दाबला. आचका नाही. दुसरं वळण, त्याहून खडं. खेचर गुरगुरत चढत राहिलं. दाजींच्या तळव्याला कळलंच होतं, तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

“इंजिन चांगलं आहे, पंप चांगला आहे,” ते म्हणाले. “खोट टाकी आणि पंपाच्या मध्ये आहे.”

क्रूसापाशी थांबलो. वारा असा की शाल आणि हॅट धरून ठेवाव्या लागत होत्या. दाजींनी टाकीचा पाइप हातात घेतला. वरून कुठे चीर नाही, मुडप नाही, ओल नाही. “टाकीशी कान लाव,” ते ताईला म्हणाले. “मी फुंकतो. बुडबुडे येतात का सांग.”

ताई टाकीवर ओणवी झाली. त्यांनी पाइपात जोरात फुंकलं.

“येतायत! भरपूर!” ती वळून म्हणाली.

“म्हणजे वाट मोकळी.” त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पाइप हातात उलटसुलट फिरवला. मग एकदम म्हणाले, “पण इंजिन कुठे फुंकतं? ते ओढतं.”

त्यांनी पाइप टाकीवरूनही सोडवला, एक टोक तोंडात धरलं आणि हळू ओढलं. हवा आली. जोरात ओढलं, आणि त्यांचे दोन्ही गाल आत गेले ते तसेच. मासळीसारखे. ताई इतकी हसली की तिची हॅट उडाली. मी हॅटमागे पळाले.

मी परत आले तेव्हा दाजींनी चाकूनं पाइप उभा चिरला होता. आतला रबरी थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. हळू ओढलं की बाजूला राहायचा. जोरात ओढलं की वाट बंद करायचा. बाहेरून पाइप नवरदेवासारखा, आतून हे.

“कुणी बसवला होता?” ताईनं विचारलं.

“मीच. टाकी जोडली तेव्हा. म्हातारा झाला बिचारा. आपल्यासारखाच, बाहेरून बरा.” त्यांनी हत्यारांच्या पेटीतून जाड पाइप काढला, बेतून कापला, दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या. पंपातली हवा काढून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला, आणि ताईनं न मागता त्यांच्या तळव्यावर कोकाची पानं ठेवली. तीन पानं त्यांनी आधी जमिनीवर टाकली, पाचामामासाठी, म्हणजे धरतीमातेसाठी. मग उरलेली गालात धरली.

“सेवेरो,” ताई त्यांच्या समोर उभी राहून म्हणाली, “मी रेमीकडे गेले ते—”

“रेमी चांगला पोरगा आहे. पाने मात्र नटापेक्षा मोठे वापरतो.” त्यांनी तिच्या हॅटवरची धूळ झटकली. “पण ठसका तुला स्वतःला लागला असता तर मला न सांगता रेमीकडे गेली असतीस का?”

“नसते गेले.”

“मग झालं. गाडीचंही आधी मलाच सांगत जा.”

पुढचा सगळा चढ ताईनं मुद्दाम पाय दाबून काढला. ओरुरोत माल उतरवला, गरम शेंगदाण्याचं सूप प्यायलो. परतीच्या वाटेवर दाजींनी विचारलं, “आता कसा वाजतोय?”

ताईनं समोर रस्ता मोकळा आहे हे पाहिलं, गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि त्यांच्याकडे तोंड करून सांगू लागली. मोठ्या भांड्यात मका शिजतो तसा खालून आवाज आहे. त्याच्यावर टर्बोची बारीक शीळ, झोपेतल्या माणसाच्या नाकातून येते तशी. मध्येच एक टिकटिक आहे, पण ती दोराच्या बाजूच्या खिडकीची. दाजी तिच्या ओठांकडे बघत होते. मध्ये त्यांनी विचारलं, “शीळ सारखी आहे का मध्ये तुटते?” ती थांबली, नीट ऐकलं आणि म्हणाली, “सारखी आहे.”

त्यांचा तळवा झाकणावरच होता. मागून एका बसनं हॉर्न वाजवला. आम्ही दोघी दचकलो, ते नाही.

“आणखी सांग,” ते म्हणाले. ताईनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.